नवीन कशावरून?

एडमंटन, कॅनडा
१४ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलेला प्रश्न अजून मनातून गेलेला नाही. पॉप्लरच्या झाडावर आम्हांला एक नवा कोळी सापडला आहे असे मी सांगताच बाबा, तुम्ही म्हणालात, "नवीन कशावरून? तो तिथे आधीपासून असणारच की." तुमची शंका रास्त आहे. फोनवरच्या चार वाक्यांत तिचे उत्तर मावले नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

पॉप्लर हे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातले झाड. येथे नदीकाठी त्याची दाट राई आहे. त्याच्या एका जातीच्या पानांचे देठ चपटे असतात, त्यामुळे जरासा वारा आला तरी ती पाने पिंपळाच्या पानांसारखी सळसळत राहतात. दोन वर्षांपूर्वी याच राईत काही पानांच्या कडा आत वळून जाड झालेल्या आम्हांला दिसल्या. वळलेली कडा सुईने उलगडली की आत पांढुरके, किड्यासारखे लांबट जीव हळूहळू सरकताना दिसतात. कोळी म्हटल्यावर आईच्या डोळ्यांपुढे जाळे विणणारा कोळी येईल. हा तो नव्हे. हा त्याचा दूरचा नातलग. इतर कोळ्यांना पायांच्या चार जोड्या असतात, याला मात्र दोनच, त्याही तोंडाकडच्या बाजूला. मागचे सारे शरीर बारीक वलयांचे. लांबी सुमारे ०.२ मिलिमीटर आणि रुंदी त्याच्याही चौथ्या हिश्शाएवढी. बाबा, तुम्ही साजासाठी ओवता त्या मण्याच्या भोकातून असे कित्येक जीव शेजारीशेजारी पार होतील.

पानाच्या कडेची ही जाड गाठ हा कोळी स्वतः बांधत नाही, ती झाड बांधते. कोळी आपल्या सुईसारख्या मुखांगांनी कोवळ्या पेशीला टोचतो, त्याची लाळ आत जाते आणि तेथील पेशींची वाढ आपली नेहमीची वाट सोडते. पान वळते, जाड होते, आणि त्या घडीत कोळ्याला खाणे, ओलावा व आडोसा एकाच जागी मिळतो. झाडाने आपल्याच अंगातून परक्याला घर द्यावे, याचे मला अजूनही रोज नवल वाटते. बहुतेक जातींचा संबंध एकाच झाडाशी किंवा त्याच्या अगदी जवळच्या झाडांशी असतो, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी त्यांची सारी भिस्त वाऱ्यावर असते.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. पॉप्लरवरचे असे कोळी पूर्वी कोणी पाहिलेच नव्हते, असे नाही. ऑस्ट्रियातील आल्फ्रेड नालेपा यांनी १८९० मध्ये युरोपातील पॉप्लरवरच्या एका जातीचे वर्णन केले. आज तिला एसेरिया पॉप्युली म्हणतात. कॅलिफोर्नियातील हार्टफर्ड कीफर यांनी १९४० मध्ये अमेरिकेतील तशाच एका कोळ्याला वेगळे ठरवून पॅरापॉप्युली हे नाव दिले. तो फांदीवरच्या कळ्यांत राहतो आणि कळीच्या जागी फुलकोबीच्या गड्ड्यासारखी गाठ उठते. पुढे ती वाळून लाकडासारखी कडक होते आणि कित्येक वर्षे फांदीवर टिकते. आमचा कोळी कळीत न राहता पानाच्या कडेला राहतो. परंतु एवढ्यावरून त्याला निराळा म्हणणे म्हणजे केवळ झळाळी पाहून सोन्याचा कस सांगण्यासारखे झाले असते. गाठीवरून संशय घ्यावा. निवाडा शरीरावरूनच करावा लागतो.

त्यासाठी एकेक कोळी सुईच्या टोकावर उचलून रसायनात पारदर्शक करायचा, काचपट्टीवर बरोबर पाठीवर किंवा पोटावर निजवायचा, वर पातळ काच ठेवायची आणि हजारपट मोठा करून पाहायचा. तिरका पडला तर मापे चुकतात, आणि काच दाबली गेली तर तो फुटतो. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या हातून निम्म्याहून अधिक पट्ट्या वाया गेल्या. तेव्हा गुजरीतल्या आपल्या दागिन्यांच्या दुकानात श्वास रोखून चिमट्याने कडी जुळवणारे तुमचे हात मला आठवत. पाठीवरच्या ढालीवरील रेषा कशा जातात, प्रत्येक केस किती लांब आहे, शरीरावर वलये किती, पायाच्या टोकाला जे पिसासारखे नख असते त्याला किरण किती, मादीच्या जननद्वारावरील झाकणावर कंगोरे किती, हे सारे मोजून टिपायचे आणि हाताने चित्र काढायचे. एकाच कोळ्यावर थांबून चालत नाही, कारण एकाच जातीतही मापे थोडी मागेपुढे असतात. आपल्या मापांची कक्षा जुन्या जातीच्या कक्षेबाहेर पडते का, हे पाहावे लागते.

येथे आमची एक चूक होता होता राहिली, तीही सांगते. पहिल्या शरद ऋतूत त्याच झाडाच्या सालीच्या फटीत आम्हांला थोड्या वेगळ्या दिसणाऱ्या माद्या मिळाल्या, आणि आपल्याला एक नव्हे, दोन नव्या जाती सापडल्या असे आम्ही धरून चाललो. वास्तविक या कोळ्यांच्या काही जातींत माद्याच दोन प्रकारच्या असतात: एक उन्हाळ्यात अंडी घालणारी, आणि दुसरी थंडी काढण्यासाठी फटीत दडून बसणारी. दोघींच्या अंगाची ठेवण इतकी निराळी असते की पूर्वी अशा जोड्यांना दोन स्वतंत्र नावेही दिली गेली आहेत. वसंतात त्याच माद्या कोवळ्या पानांवर चढताना दिसल्या, पुढे दोन्हींचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा जात एकच ठरली. घाईने छापून टाकले असते, तर ती चूक निस्तरण्याचे काम पुढच्या माणसाच्या गळ्यात पडले असते.

तुलनेसाठी जुने नमुनेही मागवावे लागले. नालेपांच्या काळातले पुष्कळ नमुने आज हाती नाहीत, आणि त्यांच्या वर्णनांत आज आवश्यक वाटणारी अनेक मापे नाहीत. सुदैवाने संग्रहालयांत जपलेल्या वाळक्या गाठी भिजवल्या की कित्येक दशकांपूर्वीचे कोळीही पाहता येतात. एवढे सारे झाल्यावर मगच हा कोळी वर्णन झालेल्या कोणत्याच जातीशी जुळत नाही, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांला झाले. म्हणजे बाबा, तुमचे म्हणणे खरेच आहे: तो जुनाच आहे, बहुधा आपल्या शहराच्या कितीतरी आधीपासूनचा. नवीन आहे ती त्याची नोंद. दुकानात जसा मूळ ठसा जपून ठेवतात, तसा एक कोळी आता नामधारक नमुना म्हणून संग्रहालयात राहील, आणि उद्या कोणाला शंका आली तर तो काढून पाहता येईल. नाव मात्र छापून येईपर्यंत तुम्हांलाही सांगता येणार नाही, याचा राग मानू नका.

आई, हे कोळी तुझ्याही ओळखीचे आहेत. मावशीच्या घरचे नारळ लहान राहतात, देठापासून तपकिरी भेगा पडतात, असे तू म्हणाली होतीस. ते याच कुळातल्या एका कोळ्याचे काम असावे. १९६५ मध्ये मेक्सिकोतील नमुन्यांवरून कीफर यांनीच त्याचे वर्णन केले आणि १९९० नंतरच्या दशकात तो भारतात पसरला. तुरीला फुले-शेंगा न येता नुसता पाला वाढतो, त्या वांझ रोगाचा विषाणूही असाच एक कोळी वाहून नेतो.

एक काम सांगते. पंचगंगेकडे फिरायला जाल तेव्हा करंजाची पाने पाहा. काही पानांवर बोटासारखे बारीक फुगवटे आलेले असतात; तेही अशाच कोळ्याचे, आणि त्याची नोंद १९६६ पासून आहे. अशी पाच-सहा पाने रद्दीच्या कागदात दाबून वाळवा आणि कागदावर तारीख व झाडाची जागा लिहून ठेवा. टपालाने पाठवू नका, परवान्याशिवाय झाडाचा भाग देशाबाहेर पाठवता येत नाही. एक ताजा फुगवटा मात्र ब्लेडने उभा चिरून दुकानातल्या भिंगाखाली, बाजूने प्रकाश टाकून, थोडा वेळ स्थिर पाहा. पांढरे काही हलले, तर त्याच दिवशी मला फोन करा; येथे रात्र असली तरी चालेल.

आजीला साष्टांग नमस्कार.

आपली,
मृणाल