दातांच्या दवाखान्यात खुर्चीच्या डाव्या बाजूला उभ्या असणाऱ्या मदतनीस ताईंस

प्रिय ताई,

दाढ काढून झालेला माणूस खुर्चीतून उठताना डॉक्टरांना नमस्कार करतो. तोंडात बोळा असल्यामुळे "कळलंसुद्धा नाही" हे शब्द अर्धेमुर्धेच बाहेर येतात. त्याला कळलं नाही याचं निम्मं श्रेय तुमचं. तुमच्याकडे मात्र तो चूळ भरायला पाणी मागतो. (आणि तेही तुम्ही देत नाही. का, ते पुढे येईलच.)

हे पत्र आम्ही दंतवैद्य मंडळी मुद्दाम जाहीर लिहितो आहोत. चिमटा आमच्या हातात असतो, म्हणून लोकांना आम्ही दिसतो. भीती उतरवायचं काम तुमच्याकडे असतं आणि ते कुठल्या बिलात लिहिलेलं नसतं.

ते काम फोनपासूनच सुरू होतं. "उपाशी यायचं ना?" हा प्रश्न हमखास येतो, कारण ऑपरेशन म्हटलं की उपास, असं डोक्यात पक्कं बसलेलं आहे. तुम्ही सांगता, दीड-दोन तास आधी पोटभर नाश्ता करून या, रक्तदाबाची नेहमीची गोळी घ्या, मधुमेह असेल तर खाणं आणि गोळी दोन्ही चुकवू नका. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, नाव तेवढं सांगा. हाडं ठिसूळ होतात म्हणून काही औषध चालू असेल तर तेही सांगा. रिकाम्या पोटी आलेला घाबरलेला माणूस सुईच्या आधीच पांढराफटक पडतो आणि मग "इंजेक्शन सोसलं नाही" अशी बातमी गावभर होते. फार घाबरणाऱ्याला तुम्ही सकाळचा पहिला नंबर देता, तेही बरोबरच. बाकावर बसून आतला आवाज ऐकत काढलेला अर्धा तास भीती दुप्पट करतो.

भीती मोजायला पट्ट्याही आहेत. अमेरिकेत नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची पट्टी मांडली. १९९५ मध्ये हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी तिच्यात इंजेक्शनचा पाचवा प्रश्न घातला. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, बेरीज १९ किंवा जास्त झाली की भीती जबर समजायची. तुम्ही कागद न काढता एकच विचारता: "नेमकं कशाचं वाटतंय? सुईचं, आवाजाचं, रक्ताचं, की मागं कधी दुखलं होतं?" आम्हाला पट्टीपेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो, कारण चारही उत्तरांना उपाय वेगळा आहे.

"मागं दुखलं होतं" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरं बोलत असतो. दाढ ठणकायला लागली की आधी लवंग, मग मशेरी, मग कुणीतरी सांगितलं म्हणून अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरायची (तिनं हिरडी भाजून पांढरी पडते, वर ठणका असतोच), असे दिवस काढत माणूस गाल सुजल्यावर येतो. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते. भुलीच्या औषधाचं जे रूप नसेच्या आवरणातून आत शिरतं, ते तिथं कमी तयार होतं, म्हणून त्याच जागी कितीही टोचलं तरी बधिरपणा अर्धवट राहतो. अशा वेळी पुवाला वाट करून द्यायची, गरजेप्रमाणे औषध देऊन सूज उतरू द्यायची किंवा नस दुसरीकडे, दूर बधिर करायची. पूर्वी कुणी घाईत तशीच ओढली असेल तर त्या माणसाला भित्रा म्हणण्यात अर्थ नाही. तुम्ही त्याला "तेव्हा पू होता का?" असं विचारता आणि त्याचा चेहरा एकदम सैल पडतो. दोष आपल्यात नव्हता, एवढं कळलेलं त्याला पुरतं.

आता सुई. ट्रेवर तुम्ही घडीचा नॅपकिन टाकता. खाली कापड असल्यामुळे हत्यारं स्टीलवर खणखणत नाहीत, वर झाकण असल्यामुळे दिसत नाहीत. सिरिंज आमच्या हातात देता ती हनुवटीच्या खालून, नजरेच्या आड. वरवरच्या भुलीचा स्प्रे घशात न मारता कापसाच्या बोळ्यावर घेता, आधी हिरडी गॉजनं कोरडी करता आणि बोळा पुरता मिनिट-दोन मिनिटं धरून ठेवता. लाळ असली तर औषध वाहून जातं. घशावर मारलं तर घसा बधिर होतो, गिळता येत नाहीसं वाटतं आणि आधीच घाबरलेला माणूस धडपडून उठून बसतो. नवीन मुलींची पहिली चूक हीच असते.

इंजेक्शन झोंबतं ते टोचण्यापेक्षा औषध जोरात घुसल्यानं. मिलिलिटरला एक मिनिट हा वेग ठेवला तर निम्मी तक्रार राहत नाही. एका नळीत औषध १.८ मिलिलिटर असतं, म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं. घड्याळात ती काहीच नाहीत, खुर्चीत मात्र फार लांब. तेवढ्या वेळात तुम्ही त्यांना पायाची बोटं एकेक करून हलवायला सांगता. टाळूच्या बाजूची टोच सगळ्यात वाईट, कारण तिथलं कातडं हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, औषधाला पसरायला जागाच नसते. तिथं आम्ही कापसाच्या काडीनं काही सेकंद दाबून मग टोचतो. "ही जरा कडक आहे, पाच मोजेपर्यंत," हे तुम्ही आधी सांगता, लपवत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही आधीच सांगून ठेवता: "दोनेक मिनिटं छाती धडधडेल, ते औषधामुळे." लिग्नोकेन या भुलीच्या औषधाच्या नेहमीच्या २ टक्के द्रावणात ८०,००० भागांना १ भाग अ‍ॅड्रेनॅलिन असतं. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, भूल टिकते, रक्त कमी येतं आणि हृदय थोडा वेळ पळतं. हे सांगितलं नाही तर तो माणूस पुढं जन्मभर "मला भुलीची अ‍ॅलर्जी आहे" असं सांगत फिरतो. घाबरून भराभर श्वास घेतल्यानं बोटांना मुंग्या येतात, त्याही अ‍ॅलर्जीच्याच खात्यात जमा होतात. खरी अ‍ॅलर्जी फार विरळा.

मग थांबायचं. वरच्या दाताला तीन-चार मिनिटं, खालच्या दाढेला पाच ते दहा. ओठ जाड वाटायला लागला की माणसाला आपलं तोंड सुजलं असं वाटतं. तुम्ही हातात छोटा आरसा देता, ओठ होता तसाच दिसतो. खालच्या दाढेला ओठ बधिर झाला म्हणजे काम झालं असं नाही, गालाकडच्या हिरडीची नस वेगळी आणि तिला वेगळी टोच लागते. म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी टोकदार सळईनं हिरडी दाबून बघतो. त्या वेळी तुम्ही माणसाच्या कपाळाकडे बघत असता. तोंड उघडं असलेला माणूस "दुखतंय" म्हणू शकत नाही, कपाळावरची आठी आधी बोलते. तुम्ही "डॉक्टर, जरा थांबा" म्हटल्यावर आम्ही अर्धी नळी आणखी दिली, असं कितीदा झालं असेल!

तुमच्या सगळ्या बोलण्यात आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते एक वाक्य. "काही होणार नाही" असं तुम्ही कधीच म्हणत नाही. तुम्ही म्हणता, "दाबल्यासारखं होईल, ढकलल्यासारखं होईल, टोचणार नाही. टोचलं तर डावा हात वर करा." शास्त्रही हेच सांगतं. वेदना नेणारे बारीक तंतू भुलीनं बंद होतात. दाब ओळखणारे जाड तंतू बरेचदा जागे राहतात. आणि दाढ काढणं म्हणजे बव्हंशी दाबच. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, बारीक तंतूंच्या गादीवर टांगलेला असतो. आधी हिरडी सोडवायची, मग एलेव्हेटरनं (दात उचकटून सैल करायच्या हत्यारानं) फट रुंद करायची, मग चिमट्यानं गालाकडे आणि जिभेकडे हळूहळू झुलवत हाडाची खोबण मोठी करायची. ओढणं अगदी शेवटी, तेही थोडंसं. हा दाब चांगला जोराचा असतो. ज्याला "काही होणार नाही" असं सांगितलेलं असतं त्याला पहिल्याच रेट्याला वाटतं, भूल चढलीच नाही. ज्याला दाब सांगितलेला असतो तो दाबाचीच वाट बघत असतो.

आवाजाचंही तसंच. खालचा जबडा कानाला लागूनच, हाडातून आवाज थेट आत जातो. "कट" असा आवाज खुर्चीबाहेर कुणाला ऐकूसुद्धा येत नाही, आत मात्र फांदी मोडल्यासारखा वाटतो. तुम्ही तो आधी सांगून ठेवता. मुळाचं टोक खरंच तुटलं तर "मोडलं" हा शब्द तुमच्या तोंडून निघत नाही, "अजून एक छोटा तुकडा राहिलाय" एवढंच.

हात वर करण्याची खूण तुम्ही सुरू करण्याआधी एकदा करून बघायला लावता. हात वर झाला की आम्ही हातातलं बाजूला घेतो, अगदी खोट्या खोट्या वेळीसुद्धा. एकदा हात वर करून कुणी थांबलं नाही तर ती खूण मेली. खालची दाढ असली की तुमचा एक हात जबड्याखाली असतो. आमचा सगळा रेटा तिथं पोचतो, आधार नसला तर दुसऱ्या दिवशी कानाजवळचा सांधा दुखतो. पण खुर्चीतल्या माणसाला तो हात वेगळाच कळतो.

रक्ताला आणि सुईला भिऊन घेरी येणाऱ्यांना तुम्ही "अंग सैल सोडा, लांब श्वास घ्या" म्हणत नाही, हे विशेष. बाकीच्यांना ते चालतं. यांचा रक्तदाब आधीच घसरत असतो, सैल सोडलं की आणखी घसरतो. स्वीडनमधल्या लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात यांच्यासाठी उलटा उपाय रुजवला: मांड्या, पोट, दंड १०-१५ सेकंद आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सोडायचे, २०-३० सेकंदांनी पुन्हा, असं पाच वेळा. तरीही जांभया यायला लागल्या, कपाळाला गार घाम सुटला तर खुर्ची सपाट आणि पाय वर. पाणी पाजायचं नाही, उठवून बसवायचं नाही. झाल्यावरही दोन मिनिटं बसवूनच मग उभं करायचं.

"वरची दाढ काढली की नजर जाते" हे अजून ऐकू येतंच. त्यावर तुमचं उत्तर आमच्यापेक्षा सरस: "दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. दोघींच्या घरचा रस्ताही वेगळा."

आणि ते पाणी. खोबणीत जमलेली रक्ताची गाठ हीच खरी मलमपट्टी. चूळ भरली, थुंकलं, स्ट्रॉनं प्यायलं, विडी ओढली की ती निसटते. म्हणून बोळा ४५ मिनिटं दाबून धरायचा, थुंकी गिळायची, चोवीस तास चूळ नाही. आइस्क्रीम चालेल, पण चमच्यानं. दहीभात, गार झालेली पेज, दुसऱ्या बाजूनं. तंबाखू, मशेरी, गुटखा निदान तीन दिवस बंद. दुखण्याची गोळी भूल उतरायच्या आत. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर हलकेच घोळवायचं. लहान मुलाचा ओठ बधिर असेल तर आईला बजावायचं, की दोन-तीन तास पोर ओठ चावत तर नाही ना ते बघा. नाहीतर संध्याकाळी फोड घेऊन दारात येतात.

तिसऱ्या दिवशी तुम्ही फोन करता. दुखणं कमी होत आलेलं असायला हवं, ते उलट वाढलं असेल, कानापर्यंत जात असेल, तोंडाला वास येत असेल तर गाठ निसटून खोबण कोरडी पडली आहे. तिथं जास्तीच्या गोळ्यांचा उपयोग नाही, खोबण धुऊन औषधाची पट्टी भरली की तासाभरात उतार पडतो. हा फोन गेला नाही तर माणूस आठवडाभर तळमळतो आणि पुढची दाढ कुजेपर्यंत येत नाही.

तो फोन आतापर्यंत तुम्ही जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या मोबाइलवरून करत आलात. यापुढे तीन दिवसांपूर्वीची यादी सकाळी दवाखाना उघडल्या उघडल्या टेबलावर असेल, फोन दवाखान्याचा असेल, आणि तुमचे फोन होईपर्यंत पहिला ट्रे आम्ही मांडू. नॅपकिन आठवणीनं टाकू.

आपले,
खुर्चीच्या उजव्या बाजूचे