‘टॉप गिअर’ची पहिली पंचवीस वर्षं

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ‘टॉप गिअर’ या बीबीसीच्या गाड्यांवरच्या टीव्ही कार्यक्रमावरचा लेख आवडीने वाचला. पण तो थेट २००२ सालापासून, सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन यांच्या नव्या रूपातल्या कार्यक्रमापासून सुरू होतो. त्याआधीची पंचवीस वर्षं त्यात नाहीत, आणि मला महत्त्वाची वाटतात ती तीच.

१९७७ साली बीबीसीच्या बर्मिंगहॅममधल्या पेबल मिल स्टुडिओतून हा कार्यक्रम त्या भागापुरता सुरू झाला. सादर करत होते टॉम कॉइन आणि बातम्या देणाऱ्या अँजेला रिपन. पुढच्या वर्षी तो बीबीसी टूवरून देशभर दिसू लागला. कुठली गाडी घ्यावी, रस्त्यावर सुरक्षित कसं राहावं, असे विषय असत. पुढे स्यू बेकर यांनीही अनेक वर्षं त्यात गाड्यांची परीक्षणं केली. मी मुलुंडला ड्रायव्हिंग शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी चाळिशीच्या पुढच्या असतात आणि ‘गाडी हा पुरुषांचा विषय’ हे घरून ऐकून आलेल्या असतात. गाड्यांच्या जगातल्या सर्वांत गाजलेल्या कार्यक्रमाची सुरुवात करणाऱ्यांत एक बाई होती, हे त्यांना कळायलाच हवं.

२००२ नंतर गाड्या पळवायला डन्सफोल्डच्या विमानतळाची धावपट्टी, हेल्मेटआड चेहरा लपवलेला चालक ‘स्टिग’ आणि सादर करणाऱ्या तीन पुरुषांची गंमत आली. चित्रीकरण अप्रतिम होतं, मीही ते भाग मन लावून पाहिले. २०११ च्या भारत विशेष भागात मंडळी मुंबईत डबे पोहोचवायला निघाली होती. पण वेगाचं वेड वाढत गेलं. २००६ मध्ये जेट इंजिनच्या गाडीचा टायर फुटून त्या तिघांपैकी रिचर्ड हॅमंड मरता मरता वाचले. २०२२ मध्ये तेव्हाचे सादरकर्ते, माजी क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ चित्रीकरणात जबर जखमी झाले, आणि पुढच्या वर्षी बीबीसीने कार्यक्रम थांबवला.

आपल्या वाहिन्यांनी त्या जुन्या कार्यक्रमाचा कित्ता गिरवावा, असं मला कळकळीने वाटतं. आज मराठीत गाड्यांचा कार्यक्रम म्हणजे शोरूममधली नवी गाडी, तिचं सनरूफ आणि किंमत. सेकंडहँड गाडी घेताना आरसी बुकात बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का ते बघायचं, हे कोण सांगणार? फ्लायओव्हरच्या चढावर ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवली की क्लच प्लेट जळते. हँडब्रेक लावायचा, हे माझ्या विद्यार्थिनींना दाखवल्याशिवाय पटत नाही. टीव्हीवर ते दोन मिनिटांत दाखवता येईल. दादरच्या हिंदमाताला पावसात तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली की माणूस घाबरून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर इंजिनातला कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. ढकलून बाजूला घ्यायची आणि मेकॅनिकला बोलवायचं, एवढंच.

असा अर्ध्या तासाचा कार्यक्रम रोज मुंबईत गाडी चालवणाऱ्या एखाद्या बाईकडे सोपवावा. पहिला भाग पाण्यात बंद पडलेल्या गाडीवर करावा आणि तो पाऊस लागण्याआधी दाखवावा.

— एक मोटार ड्रायव्हिंग प्रशिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई