दिवसाचे ४०० पौंड नक्की कोणाचे? ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. अर्थमंत्री, ब्रिटन यांस,

सादर नमस्कार.

मी आयटीतला काँट्रॅक्टर, मुक्काम रेडिंग. पत्र मराठीत लिहितोय, कारण पुण्या-ठाण्याहून इथे आलेली आमची पोरं पहिल्याच काँट्रॅक्टला जिथे फसतात, ते त्यांनीही वाचावं.

गेल्या वर्षी एजन्सीने फोनवर सांगितलं, दिवसाला ४०० पौंड. घरी मी तोच आकडा सांगितला. पहिली पेस्लिप आली आणि आम्ही नवरा-बायको कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. आठवड्याचे २,००० पौंड. त्यातून अम्ब्रेला कंपनीचं, म्हणजे एजन्सीकडून पैसे घेऊन मला पगार देणाऱ्या, कागदोपत्री माझी मालक असलेल्या कंपनीचं मार्जिन (तिची फी) २० पौंड, ते मला कबूल होतं. मग मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावरचा सरकारी सामाजिक विम्याचा हप्ता), सुमारे २४५ पौंड. अप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे मालकांवरचा प्रशिक्षणासाठीचा कर, ९ पौंड. राहिले १,७२६. त्यातलेही १८६ पौंड सुट्टीचे म्हणून बाजूला ठेवलेले. उरलेल्या १,५४० पौंडांवर माझा आयकर आणि माझा नॅशनल इन्शुरन्स.

बायकोने विचारलं, "मालकाचा हिस्सा तू का भरतोस?" मला उत्तर देता आलं नाही. ते आता कळतं. ४०० पौंड हा माझा पगार नव्हताच. एजन्सी अम्ब्रेलाला देते तो असाइनमेंट रेट होता, आणि मालक म्हणून अम्ब्रेलाला येणारा खर्च त्यातूनच वजा होतो. म्हणूनच एप्रिल २०२५ मध्ये आपण मालकांच्या नॅशनल इन्शुरन्सचा दर १३.८ वरून १५ टक्के केलात, तेव्हा तो बोजा आमच्यासारख्यांच्या पगारावर पडला.

हा मार्ग आम्ही हौसेने धरलेला नाही. आयआर ३५ हा करनियम; स्वतःच्या कंपनीतून काम करणारा काँट्रॅक्टर कराच्या दृष्टीने खरं तर नोकरदारच आहे का, हे त्याने ठरतं. एप्रिल २०२१ मध्ये हा निर्णय काम देणाऱ्या मोठ्या आणि मध्यम खासगी कंपन्यांकडे गेला. अनेकांनी जोखीम नको म्हणून स्वतःची लिमिटेड कंपनी असलेल्यांना दार बंद केलं आणि अम्ब्रेलातून या म्हणून सांगितलं.

अम्ब्रेलाने कर बुडवला तर एजन्सीही जबाबदार, हा ६ एप्रिल २०२६ पासूनचा नियम चांगला आहे. पण त्याने सांभाळली जाते ती सरकारी तिजोरी. कर चोख भरूनही माझ्या अम्ब्रेलाने, काँट्रॅक्ट संपल्यावर साठलेले सुट्टीचे पैसे तीन ई-मेल आणि दोन महिन्यांनंतर दिले. हक्काचे पैसे, आणि मागताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

वजावटी दाखवणारा माहितीचा कागद एजन्सीने आधीच द्यावा, असा कायदा एप्रिल २०२० पासून आहे. प्रत्यक्षात आकडा फोनवर ठरतो, आम्ही आधीच्या कामाचा राजीनामा देतो आणि कागद मागाहून येतो.

माझी मागणी एवढीच आहे. जाहिरातीत आणि फोनवर फक्त मालकाचे सगळे खर्च वजा करून उरणारा पगाराचा दर सांगायची सक्ती करा. आणि सुट्टीचे पैसे शेवटच्या पेस्लिपमध्ये, न मागता, जमा झाले पाहिजेत.

आपला,
रेडिंगमधला एक काँट्रॅक्टर