भूक शांत असते ते वर्ष

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुमच्या वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरल्याचं कळलं आणि मला मनापासून बरं वाटलं. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, ‘पुढे नेमकं काय काय होतं गं?’ एवढं सगळं फोनवर सांगितलं तर त्यातलं निम्मं विसरायला होईल, म्हणून लिहून पाठवते आहे. माझं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली. माझं स्लीव्ह होतं. त्यात साधारण ७५ ते ८० टक्के जठर काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात. तुमचं बायपास आहे, हृदयाचं नव्हे, जठराचं. बरंचसं सारखंच असतं, आणि जिथे वेगळं असतं तिथे मी तुमच्या बाजूने लिहिलंय. आई, तूही हे पूर्ण वाच. निम्मं तुझ्यासाठीच आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. बायपासनंतर पहिलं वर्ष-दीड वर्ष भूक फारशी लागत नाही. वजन उतरत राहतं, त्यासाठी झगडावं लागत नाही, भेटेल तो कौतुक करतो. मग भूक हळूहळू परत येते. तोवर ज्या सवयी अंगवळणी पडल्या असतील, त्यांच्या जोरावर पुढचं आयुष्य काढायचं असतं. म्हणून बाबा, भूक गप्प आहे तोवर सवयी लावून घ्या. रोज काट्यावर उभं राहून आकडे बघण्यात ते महिने घालवू नका.

असं का होतं तेही सांगते. तुमच्या जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलीलीटरची छोटी पिशवी करतील आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतील. बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग शरीरातच राहतो, फक्त अन्न त्यातून जात नाही. त्यामुळे पोट लवकर भरतं हे तर खरंच, पण आतड्यातून सुटणारी हार्मोन्सही बदलतात. भूक मंदावते आणि रक्तातली साखर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच खाली येऊ लागते.

इथे तुम्ही सगळ्यात जास्त सावध राहायचंय. इन्शुलिनचा जुना डोस तसाच चालू राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बीपीच्या गोळीचंही तेच. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका, बीपी मोजा आणि डॉक्टरांना कळवा. डोस मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करायचे नाहीत. झोपेत श्वास अडकतो म्हणून लावता ते मशीनही बरं वाटायला लागलं म्हणून लगेच बंद करू नका. वजन उतरल्यावर पुन्हा तपासणी करून त्याचा दाब बदलून घ्यावा लागतो.

मधुमेह कायमचा जाईल का, असंही तुम्ही विचारलं होतंत. स्वीडनमध्ये १९८७ साली या शस्त्रक्रियांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही औषधांशिवाय नियंत्रणात होते आणि १५ वर्षांनी सुमारे ३० टक्के. त्या काळातली बरीच ऑपरेशनं आजच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीची होती, तरी कल कळायला हा आकडा पुरेसा आहे. मधुमेह जितका जुना, तितका तो पूर्ण मागे हटण्याचा संभव कमी. तुमचा बराच जुना आहे. इन्शुलिन सुटलं किंवा निम्म्यावर आलं तरी डोळे, मूत्रपिंडं आणि पाय यांच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे, आणि मी तेवढ्यावरही समाधानी असेन.

आता गुडघ्यांचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर बंद. पिशवी आतड्याला जिथे जोडलेली असते तिथे त्यांनी अल्सर होतो, तो फुटूही शकतो. सिगारेटनेही तेच होतं. तुमचा हात दुखलं की सवयीने ज्या डब्याकडे जातो, तो डबा आई, तू आत्ताच रिकामा कर. पॅरासिटामॉल चालतं. वजन उतरेल तसा गुडघ्यांवरचा भारही कमी होईल. मला स्वतःला सगळ्यात आधी जाणवलेला फरक जिना चढतानाचाच होता.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यांत काय घ्यायचं याचा कागद डायटिशियन देतील: आधी नितळ पातळ पदार्थ, मग दाटसर पातळ, मग गुळगुळीत वाटलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं. कुणाचं किती पुढे गेलंय हे बघून पायऱ्या गाळू नका, आतले टाके अजून भरत असतात. त्या दिवसांत मुख्य काम एकच, दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहणं. एका दमात पेलाभर पाणी पिता येणार नाही, घोट घोट घ्यावं लागेल. चालणं पहिल्या दिवसापासून, पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

यातली काही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही: विश्रांतीतही नाडी मिनिटाला १२० च्या आसपास राहणं, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारं दुखणं, धाप, एका पोटरीला सूज. जोडलेल्या जागेतून गळती झाली तर पोट फार दुखायच्या आधी कित्येकदा नुसती नाडीच जोरात पळते. आई, तुला नाडी मोजता येते ना? नसेल तर मी आल्यावर शिकवते.

दुसरी एक गोष्ट खूप पुढची आहे, पण आत्ताच लक्षात ठेवा. बायपास झालेल्या माणसाला कित्येक वर्षांनीही पोटात अचानक मुरडा मारून असह्य कळ आली, तर आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. वजन बरंच उतरलं की त्या फटी मोठ्या होतात. कुठल्याही गावी असलात, कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, तरी पहिलं वाक्य ‘माझं जठराचं बायपास झालंय’ हेच असू द्या.

खाण्याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण जगणं बदलतं ते इथे. आधी प्रथिनं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम सांगतात आणि एवढ्याशा पोटात ती बसवायची म्हणजे प्रत्येक जेवणात पहिला घास त्यांचाच हवा. बाबा, तुमच्या वयाला याचं महत्त्व जास्त. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात आणि हाडंही थोडी झिजतात. डॉक्टरांनी मोकळीक दिली की नुसत्या फिरण्यावर थांबू नका. हलकी वजनं उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, असं काहीतरी ताकदीचं हवंच. बारीक झालेला पण धडपडणारा माणूस मला घरात बघायचा नाही.

घास लहान, चावणं भरपूर, एक जेवण २०-३० मिनिटांचं. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. सुरुवातीला हे फार जाचक वाटतं. पोट भरल्याची खूणही बदलते: कुणाला छातीच्या मध्यभागी दाब येतो, कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहायला लागतं. ती खूण ओळखून तिथेच थांबायला शिकायचं. त्यापुढचा एक घाससुद्धा उलटून येतो.

गोड किंवा फार तेलकट खाल्लंत तर अर्ध्या तासाच्या आत धडधड, दरदरून घाम, पोटात कळ, जुलाब असं होऊ शकतं. अन्न पिशवीतून एकदम आतड्यात ओतलं जातं म्हणून. याला डंपिंग म्हणतात. पडून राहिलं की ओसरतं. दुसरा प्रकार खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी येतो. तेव्हा साखर खाली गेलेली असते, हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं. असं वारंवार झालं तर ते सांगायलाच हवं, सहन करत बसायचं नाही.

आई, आता तुझ्याशी बोलते. बाबा दोन-तीन चमच्यांत ताट बाजूला सारतील आणि तुझा जीव कासावीस होईल. ‘एवढ्यावर माणूस जगतो का,’ असं तुझ्या ओठांवर येईल. येऊ दे, पण त्यांना आग्रह करू नकोस. पुढे वर्षभराने याच्या उलट होईल: ते थोडं जास्त खायला लागतील आणि तुला वाटेल आता टोकायला हवं. तेही नको. माझ्या ऑपरेशननंतर तू माझ्या खाण्याबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर बोलली नाहीस. त्याने मला किती मोकळं वाटलं, हे मी तुला कधी सांगितलंच नव्हतं. तेच आता बाबांसाठी कर. त्यांच्या गोळ्या, त्यांचं पाणी, त्यांची वेळ, सगळं त्यांचं त्यांना सांभाळू दे. आणि तू स्वतः पोटभर जेव. त्यांच्यासमोर खायला संकोच वाटून तू उपाशी राहशील अशी मला खरी भीती आहे.

गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, यात सूट नाही. लोह जिथे मुख्यतः शोषलं जातं तो आतड्याचा भागच अन्नाच्या वाटेतून बाजूला गेलेला असतो. बी १२ शोषायला जठरातला जो घटक लागतो तोही अन्नाला नीट भेटत नाही. म्हणून मल्टिव्हिटॅमिन, बी १२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं, कारण आम्ल कमी असलं तरी ते शोषलं जातं. ते आणि लोह यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. कमतरता लगेच दिसत नाही. शरीरातला जुना साठा संपायला वेळ लागतो, आणि बोटं बधिर व्हायला लागतात तोवर उशीर झालेला असतो. म्हणून बरं वाटत असलं तरी रक्ततपासणी चुकवायची नाही. उलट्या काही दिवस थांबत नसतील तर मात्र लगेच जा. बी १ फार लवकर संपतं आणि त्याचा मार थेट मेंदूला बसतो.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतील. बहुतेकांचे परत येतात. थंडी जास्त वाजेल. वजन मध्येच दोन-तीन आठवडे अडून बसेल, पहिल्या महिन्याच्या आसपाससुद्धा. ते नेहमीचंच आहे. पित्ताशयात खडे होण्याचा संभव झपाट्याने वजन उतरताना वाढतो, त्यासाठी पहिले सहा महिने गोळी देतात का ते विचारून ठेवा. कातडी सैल पडेल. तुमच्या वयात ती फारशी आवळत नाही, तिच्या घड्या कोरड्या ठेवाव्या लागतील.

मनाचं कुणी फारसं सांगत नाही, म्हणून मी सांगते. शरीर आधी बदलतं, मन मागून येतं. आरशात दिसणारा माणूस बरेच महिने अनोळखी वाटतो. लोक तोंडावर म्हणतात, ‘आजारी आहेस का?’ काहींना वाटतं, ऑपरेशन म्हणजे पळवाट. बाबा, अशांना समजावत बसायची तुम्हाला काही गरज नाही. त्याहून कठीण म्हणजे, थकून घरी आल्यावर, रागावल्यावर, एकटं वाटल्यावर आपण ज्या खाण्याकडे वळायचो ती वाट बंद झालेली असते. काहीजण त्या जागी दारूकडे वळतात. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर आणि फार जास्त चढते आणि तिची सवय लागण्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे कार्यक्रमातला तुमचा तो एक पेलाही आता सोडून द्या, ही माझी विनंती आहे. उदास वाटलं, सगळं ठीक असूनही रडू आलं, तर ते लपवू नका. मला फोन करा, नाहीतर तिथल्या समुपदेशकांशी बोला. ऑपरेशननंतर अशा मदतीची गरज पडणारे खूप आहेत.

आणि दुसरं-तिसरं वर्ष. काटा थोडा वर सरकेल. त्याच स्वीडिश अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, आणि दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होतं. म्हणजे थोडं परत येणं हा या वाटेचाच भाग आहे. माझंही आलं. त्या वेळी शरमेने तपासणीला जायचं टाळणारे लोक मी पाहिलेत, आणि नेमकं त्याच वेळी जायला हवं असतं. औषधं आहेत, आहार पुन्हा बसवता येतो, काही वेळा पोटाच्या रचनेतच दोष निघतो. चार किलो वाढले म्हणून डॉक्टरांना तोंड दाखवायचं नाही, असं तुमच्या बाबतीत होऊ देऊ नका.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मी येते आहे. तोवर सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची डोससकट यादी करून ठेवा, आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ऑपरेशनच्या दिवशी सकाळी इन्शुलिन घ्यायचं का आणि किती, रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, आणि घरी आल्यावर रात्री-अपरात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा. तो नंबर मलाही पाठवा.

तुमची,
मनू