करून घेतलेल्या कामाचं इंग्रजी

नाशिक

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रॉटरडॅमच्या खरेदीदाराला पाठवायच्या मेलचा मसुदा वाचला. माहिती नीट मांडली आहेस, पण पहिल्याच परिच्छेदात 'वुई टेस्टेड द ग्रेप्स फॉर रेसिड्यूज' असं वाक्य आहे. पाठवण्याआधी तेवढं बदल. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून 'आम्हीच, आमच्या माणसांनी तपासलं' असं कळतं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची रेसिड्यू तपासणी, म्हणजे फवारणीच्या औषधांचे अंश उरलेत का हे बघणं, अपेडाच्या (शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत व्हावी लागते. विकणाऱ्याने आपला माल आपणच तपासला, असं वाचल्यावर कोणताही खरेदीदार बिचकेल. लिही: 'वुई हॅड द ग्रेप्स टेस्टेड'. म्हणजे तपासून घेतली.

ही चूक मराठीतून येते. 'मी केस कापले', 'दिवाळीआधी घर रंगवलं', 'यंदा द्राक्षाचा प्लॉट वेळेवर छाटला' असं आपण सहज म्हणतो. काम कोणी केलं हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असतं, म्हणून 'कापून घेतले', 'छाटून घेतला' असं दर वेळी म्हणावं लागत नाही. इंग्रजीत ही सवलत नाही. 'आय कट माय हेअर' म्हटलं की आरशासमोर उभं राहून स्वतः कापले, असाच अर्थ होतो. दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामाला तिथे वेगळा साचा आहे आणि तो वापरावाच लागतो.

साचा असा: आधी हॅव, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. काळ बदलला की फक्त हॅव बदलतं, तिसरं रूप जागचं हलत नाही. शेतकरी दर हंगामात ग्रेपनेटवर, म्हणजे अपेडाच्या ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेत, प्लॉटची नोंदणी करून घेतात: 'द ग्रोअर्स हॅव देअर प्लॉट्स रजिस्टर्ड एव्हरी सीझन'. या आठवड्यात नमुने तपासून घेत असाल तर 'वुई आर हॅविंग द सॅम्पल्स टेस्टेड'. पुढे घेणार असाल तर 'वुई विल हॅव देम टेस्टेड'. नुकतंच घेतलं असेल तर 'वुई हॅव हॅड देम टेस्टेड'. इथे हॅव आणि हॅड शेजारी शेजारी येतात, पण एक खोडू नकोस. पहिलं काळ दाखवतं, करून घेण्याचा अर्थ दुसऱ्यात आहे.

शब्दांचा क्रम मात्र डोळ्यांत तेल घालून बघ, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. ही दोन वाक्यं शेजारी ठेव: 'वुई हॅड प्रून्ड द प्लॉट बाय ऑक्टोबर' आणि 'वुई हॅड द प्लॉट प्रून्ड इन ऑक्टोबर'. पहिल्याचा अर्थ, ऑक्टोबर येईपर्यंत आम्ही प्लॉट छाटून टाकला होता. तो साधा पूर्ण भूतकाळ, काम आमचंच. दुसऱ्याचा अर्थ, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) करून घेतली, मग ती मजुरांच्या टोळीकडून असो की आणखी कोणाकडून. 'प्लॉट' हा एक शब्द जागेवरून हलला आणि काम करणारे हात बदलले. बोलतानाही फरक ऐकू येतो: पहिल्यातलं हॅड आखडून 'वुईड प्रून्ड' होतं, दुसऱ्यातलं हॅड कधीच आखडत नाही, पूर्ण उच्चारावं लागतं. फोनवर तिकडची माणसं काय म्हणताहेत ते ओळखायला ही खूण चांगली उपयोगी पडते.

दुसरी चूक तिसऱ्या रूपाची. 'आय हॅड माय स्कूटर रिपेअर', 'ब्लाउज स्टिच' असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. त्याला दोन कारणं आहेत. 'स्कूटर रिपेअर केली', 'ब्लाउज स्टिच केला' असं बोलून बोलून आपल्या तोंडात ते शब्द मूळ रूपातच बसले आहेत. शिवाय शेवटचा ड किंवा ट भरभर बोलण्यात ऐकूच येत नाही. 'रिपेअर्ड'च्या शेवटी ड आहे, 'स्टिच्ड' उच्चारताना ट होतो, 'पेंटेड'मध्ये स्वतंत्र 'इड' ऐकू येतं, म्हणून पेंटेड सहसा चुकत नाही. बाकीच्यांबाबत कानावर विसंबू नकोस, लिहून झाल्यावर शेवटचं अक्षर तपास.

प्रश्न आणि नकार करताना इथलं हॅव साध्या क्रियापदासारखं वागतं, त्याला डू आणि डिडची मदत लागते. 'व्हेअर डिड यू हॅव द सॅम्पल्स टेस्टेड?' हे बरोबर. 'व्हेअर हॅड यू द सॅम्पल्स टेस्टेड?' असं कोणी म्हणत नाही. नकार 'वुई डिडन्ट हॅव देम टेस्टेड' असा.

हॅवच्या जागी गेट चालतं. ते बोलीतलं, घरगुती. येवल्याच्या पैठणीला फॉल लावून घ्यायचा असेल तर मैत्रिणीला 'आय मस्ट गेट द फॉल स्टिच्ड' म्हण. खरेदीदाराच्या मेलमध्ये हॅवच शोभतं. आज्ञा करताना मात्र गेट जास्त सहज वाटतं: 'गेट इट साइन्ड टुडे'.

कधी काम कोणाकडून करून घेतलं तेही सांगायचं असतं. तेव्हा 'वुई हॅड द लॅब टेस्ट द ग्रेप्स'. इथे टेस्ट मूळ रूपात, मध्ये टू नाही. गेट घेतलंस तर मात्र टू हवाच: 'वुई गॉट द लॅब टू टेस्ट द ग्रेप्स', आणि त्यात थोडी मनधरणी किंवा खटपट करावी लागली, अशी छटा येते. मेक घेतलंस तर जबरदस्ती येते, आणि टू पुन्हा जातो: 'दे मेड अस वेट'. तेच उलट फिरवलं की टू परत येतो: 'वुई वेअर मेड टू वेट'. एवढं सगळं पाठ करण्यापेक्षा एकच प्रश्न विचार: हॅवनंतर आलेलं नाम काम करतंय की त्याच्यावर काम होतंय? लॅब काम करते, म्हणून मूळ रूप. द्राक्षांवर काम होतं, म्हणून तिसरं रूप.

वाक्याच्या शेवटी 'बाय अ लॅबोरेटरी' जोडायची गरज नाही. तपासणी प्रयोगशाळेतच होते. प्रयोगशाळेचं नाव द्यायचं असेल तरच बाय लाव, आणि तुझ्या मेलमध्ये ते द्यायला हवंच, कारण खरेदीदाराचा पुढचा प्रश्न तोच असणार.

याच साच्याचा आणखी एक अर्थ आहे आणि तुझ्या कामात तो अडचणीत आणू शकतो. आपण न करवलेलं, आपल्यावर ओढवलेलं नुकसानही इंग्रजी याच साच्यात सांगते. 'शी हॅड हर फोन स्टोलन' म्हणजे तिचा फोन चोरीला गेला. फोन मुद्दाम कोणी चोरवून घेत नाही, त्यामुळे गैरसमज होत नाही. पण तू चौथ्या परिच्छेदात 'वुई हॅड द कंटेनर स्टॉप्ड ॲट न्हावाशेवा' लिहिलं आहेस. त्याचा अर्थ कंटेनर अडकला असाही होतो आणि आम्हीच तो थांबवायला लावला असाही होतो. उशिराची जबाबदारी कोणाची, हाच त्या परिच्छेदाचा विषय असताना इतकं दुहेरी वाक्य ठेवू नकोस. सरळ 'द कंटेनर वॉज स्टॉप्ड' लिही आणि कोणी थांबवला ते पुढच्या वाक्यात सांग. ओढवलेल्या गोष्टीसाठी हा साचा वापरायचा तो ती गोष्ट कोणी मुद्दाम करवून घेणंच शक्य नसेल तेव्हा.

हे बदल करताना प्रत्येक 'वुई'पाशी थांब आणि ते काम खरोखर तुमच्या माणसांनी केलं का, ते बघ. 'वुई ऑडिटेड अवर अकाउंट्स' हे वाक्यही बदलावं लागेल. कंपनीचं वैधानिक ऑडिट बाहेरचा सीए करतो, म्हणून 'वुई हॅड अवर अकाउंट्स ऑडिटेड'. सहाव्या परिच्छेदातलं 'वुई पॅक द ग्रेप्स अवरसेल्व्ज' मात्र तसंच राहू दे. पॅकहाउस तुमचं आहे, माणसं तुमची आहेत, तिथे हॅव घातलंस तर स्वतःचं काम उगाच दुसऱ्याच्या नावावर जाईल.

तुझी,
आई