बंद केलंस की डिलीट केलंस?

सांगली, ९ नोव्हेंबर २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

भडंग, मेतकूट आणि हळद असं पार्सल सोमवारी टपालात टाकलं. ऑगस्टपासून टपालखात्याने अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं होतं. ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झालं, पण आईचा विश्वास बसेना, तिने दिवाळी जाऊ दिली. त्यामुळे चकल्या नाहीत. रागावू नकोस.

फोनवर अंगठ्याने लिहायला बसलो की काय म्हणायचं होतं तेच निम्म्यात विसरतो, म्हणून हे कागदावर. झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करून घेतलं असतं, पण तो वाचतो. आई पानांचे फोटो काढून पाठवेल. तीही वाचणारच, पण ती घरची आहे.

पत्र तुझ्या फेसबुकच्या खात्याबद्दल नाही. थंडी किती आहे, गाइडशी जमतंय का, खोकला गेला का, एवढंच विचारायचं होतं. आयोवात म्हणे नोव्हेंबरातच बर्फ पडू शकतं. नंदूकाकाने दिलेला कोट त्याला पुरेल असं मला वाटत नाही. शिष्यवृत्तीतून चांगला घे, कंजुषी करू नकोस.

तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सवयीने तुझं नाव टाइप केलं आणि तू नाहीस. तुझ्या नावाच्या दोन बायका निघाल्या, एक इंदूरची आणि एक मेंदी काढून देणारी. आधी वाटलं नेट गेलं. ओम आला होता, तो म्हणाला, "काका, तुम्हाला ब्लॉक केलं असेल." मग त्याच्या फोनवर बघितलं, तिथेही नाही. जरा हायसं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं.

ओमनेच समजावलं. खातं तात्पुरतं बंद करता येतं, ते मनात येईल तेव्हा उघडतं. कायमचं डिलीट करायचं तर तीस दिवसांची सवड असते. तेवढ्यात परत आत जाऊन रद्द केलं तर सगळं जागेवर, नाहीतर गेलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं म्हणे. म्हणून विचारतो. डिलीट केलं असशील तरी भाऊबीजेपासून मोजता अजून वेळ आहे.

त्या खात्यात आजी आहे, मनू. तुळशीपाशी उभी, पदर खोचलेला, उन्हाने डोळे बारीक केलेले. २०१९ ला खालच्या खोलीतलं लोखंडी कपाट आपण पुराचं पाणी उतरल्यावर उघडलं तेव्हा अल्बमांच्या विटा झाल्या होत्या. तू आणि मी मागच्या अंगणात बादलीत साधं पाणी घेऊन एकेक फोटो सोडवत बसलो. रंग आधी कडेने सुटायचा, गुलाबी-पिवळा होऊन पाण्यात उतरायचा, आणि हातात कोरा कागद यायचा. अण्णांच्या साठीशांतीच्या फोटोत मांडव राहिला, माणसं गेली. आजीचा तुळशीपाशी उभी असलेला फोटो तू आदल्या वर्षी तिच्या श्राद्धाला मोबाइलने टिपून फेसबुकवर टाकला होतास, म्हणून वाचला. तो मोबाइल पुढे एसटीत गेला. भिंतीवरचा फोटो आपण तुझ्या खात्यावरूनच उतरवून मोठा केलाय. फोटोवाला म्हणत होता, मूळ द्या, हा फाटतोय. मूळ कुठून देणार? अल्बममधले बाकीचे जे काही राहिलेत तेही सगळे तिथेच आहेत, तुझ्या त्या "घरचे जुने" मध्ये.

मी खातं उघड म्हणत नाही. सगळं एकत्र उतरवून घ्यायची सोय सेटिंगमध्ये असते, तेवढं घे आणि मग खुशाल घालव. म्हणजे घालवू नकोस, पण तुझी मर्जी.

जुलैत मी जे बोललो ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. मेअखेर अमेरिकेने विद्यार्थ्यांच्या व्हिसा-मुलाखतींच्या तारखा देणं थांबवलं, १८ जूनला फर्मान आलं की व्हिसा हवा तर सगळी खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवा. पाच वर्षांत वापरलेल्या प्रत्येक खात्याचं नाव तर फॉर्मात २०१९ पासूनच मागतायत. अशा वेळी कोणता बाप म्हणणार नाही की बाई, ती पुराची पोस्ट आणि मोर्चाचे फोटो काढून टाक? तू म्हणालीस, आज पुसलं तर जास्त वाईट दिसेल, आणि लपवलं तर व्हिसा नाकारू असं त्यांच्या वकिलातीनेच जाहीर केलंय. हे तुझं बरोबर होतं. पण पुढे जे म्हणालीस, "बाबा, तुम्ही जन्मभर वरचे शेरे वाचून सह्या केल्यात," ते आईसमोर नको होतं.

एक अक्षर न बदलता, सगळ्या जगाला दार उघडं टाकून तू मुलाखतीला वांद्र्याला गेलीस आणि पासपोर्टवर शिक्का घेऊन आलीस. तू मुंबईला निघालीस त्या रात्री मी तुझं खातं पहिल्या दिवसापासून वाचून काढलं, तिथला साहेब वाचेल तसं. शुद्धलेखन सोडलं तर आक्षेपार्ह काही सापडलं नाही. म्हणजे सापडलं, पण ते खरं होतं.

तू मला भित्रा म्हणतेस. २०१२ सालचा नोव्हेंबर तुला आठवणार नाही, तू शाळेत होतीस. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली लोकांनी. लाइकसाठी अटक, मनू! आमच्या कचेरीत तेव्हा निम्म्या लोकांनी जेवणाच्या सुट्टीत बसून जुन्या लाइक काढल्या. पुढे श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला ज्याखाली अशा अटका व्हायच्या ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलमच कोर्टाने रद्द केलं. शेवट चांगला झाला, मान्य. पण निकाल कागदावर येतो, माणसं दारावर येतात. आणि यंदाच्या जुलैत शासनाने कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलंय, वैयक्तिक खातं आणि कामाचं खातं वेगळं ठेवा, शासनाच्या धोरणावर टीका नको. मी सुटलो, पेन्शनीत आहे. तू उद्या परत येऊन सरकारी संशोधन संस्थेत लागलीस तर सुटणार नाहीस.

झालं भाषण. माफ कर. टिप्पणी लिहायची सवय जात नाही. आधी पार्श्वभूमी, मग नियम, मग मत, आणि खाली सही.

तुला एक कधी सांगितलं नाही. पुरात मी कचेरीत रजिस्टरवर याद्या करत होतो, कुठल्या गल्लीत किती माणसं, किती म्हातारी, कुणाला इन्सुलिन हवंय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका असं लहानपणापासून ऐकत आलो, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. मारुती चौकात होड्या चालत होत्या. आमचं रजिस्टर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत तुझी फेसबुकवरची यादी पुण्याला, कुठे कुठे पोचलेली असायची. तिकडून फोन यायचे, आणि ते फोन आमच्याच टेबलावर वाजायचे! एकदा मी स्वतः तुझ्या यादीवरून माझी यादी दुरुस्त केली. कोणाला सांगितलं नाही.

मग ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि तू ती पोस्ट लिहिलीस, बोटी कमी का पडल्या ती. पूर ओसरल्यावर वरच्या साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर मोबाइल, त्यावर तुझं लिहिलेलं. "ही तुमची मुलगी?" म्हटलं, हो. "समज द्या." म्हटलं, देतो. घरी येऊन मी तुला काय म्हणालो आठवतंय? जेवलीस का, एवढंच विचारलं. द्यायची राहिलेली समज बहुतेक यंदा जुलैत दिली.

लोक खातं कशासाठी ठेवतात याचा मी माझ्यापुरता बराच विचार केलाय, निवृत्त माणसाला दुसरं काय काम. पलीकडच्या काकू रोज सकाळी एक सुविचार टाकतात. कोणी उत्तर देत नाही. पण मागे त्या आजारी पडल्या, दोन दिवस सुविचार आला नाही, तर चार घरून फोन आले. ती हजेरी आहे. बाळू केस कापलेल्या गिऱ्हाइकांचे फोटो टाकतो, त्याचा धंदा वाढला. तुझ्या आत्याला कोण कुणाच्या लग्नाला गेलं आणि कोण गेलं नाही ते बघायचं असतं, तिच्याबद्दल न लिहिलेलं बरं. माझ्या खात्यावर गणपतीचा फोटो आणि जन्मतारीख, बस. आजवर एक ओळ लिहिलेली नाही. ते मी तुझं वाचायला उघडलं, आणि तू नसलीस तर मी तिथे काय करू? लोकांच्या पुरणपोळ्या बघू?

फोनवर तू "बरंय बाबा" याच्या पुढे जात नाहीस. सप्टेंबरात तू नदीकाठच्या त्या इमारतीचा फोटो टाकलास, २००८ च्या महापुरात तुमच्या विद्यापीठाच्या वीसेक इमारतींत पाणी शिरलं होतं असं लिहिलंस, आणि खाली एक ओळ, की इथे संध्याकाळी नदीकडेने चालत घरी येते. ती ओळ मी आईला वाचून दाखवली. २०१९ नंतर तू कृष्णेच्या घाटावर फिरकत नव्हतीस. शिकायला गेलीस पुराचं गणित, आणि पाण्याजवळून चालायला लागलीस ते आम्हाला कळलं फेसबुकवरून. हे तू फोनवर सांगितलंच नसतंस.

म्हणून पुन्हा विचारतो, नाही म्हणता म्हणता. तिथे कोणी काही म्हणालं का? मार्चमध्ये बॉस्टनजवळ एका तुर्की मुलीला तोंड झाकलेल्या, साध्या कपड्यातल्या माणसांनी भर रस्त्यात धरून नेलं. तीही तुझ्यासारखी पीएचडी करणारी. विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात तिने इतरांबरोबर एक लेख लिहिला होता. लुइझियानात कोठडीत सहा आठवडे ठेवली, मग कोर्टाने सोडायला लावली. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघितलाय. आईला दाखवलेला नाही, हे वाचून तिला कळेल. तसल्या धास्तीने तू खातं बंद केलं असशील तर शहाणपणा केलास, आणि मला लगेच सांग. माझ्यावरच्या रागाने केलं असशील तर उघड. अभ्यासाला वेळ पुरत नाही म्हणून केलं असशील तर तेही चांगलंच, पण मग फोनवर दोन वाक्यं जास्त बोल. मी एका दमात बंद ठेव आणि उघड असं दोन्ही म्हणतोय, हे मला दिसतंय.

आईला कारण माहीत आहे असा मला दाट संशय आहे. विचारलं की ती कणीक मळायला घेते.

तुझं लिहिणं चांगलं आहे. हे तुला तोंडावर कधी म्हणालो नसेन, आमच्या घरात ती पद्धत नव्हती. अण्णांनी माझ्या अक्षराला एकदा "बरं आहे" म्हटलं होतं, त्यावर मी सरकारी नोकरीचा अर्ज लिहिला. लोकांना दाखवायचं नसेल तर वहीत लिही. मला दाखवलं नाहीस तरी चालेल. तुझ्या मोर्चाच्या फोटोत मागे जो मुलगा उभा आहे त्याच्याबद्दलही मी काही विचारत नाहीये.

ओम म्हणतो, उतरवून घ्यायची फाइल मोठी असते, विद्यापीठाच्या वायफायवर घे आणि एक प्रत मला पेनड्राइव्हवर आण, घाई नाही, पुढच्या उन्हाळ्यात येशील तेव्हा. फाइल आली की खातं बंद केलंयस की डिलीट ते एका शब्दात कळव.

तुझा,
बाबा

ता. क. तुझी सायकल ओमला चालवायला द्यायची म्हणतोय, कुलूप लावलेलं आहे. किल्ली कुठे ठेवलीस?