खाऱ्या पाण्याची टाकी बंद करावी का?

संपादक महोदय,

वळवाच्या पावसात एखाद्या भागातली वीज रात्रभर गेली, की पुढच्या काही दिवसांत चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र), स्किमर (पाण्यातला मळ फेसाबरोबर काढणारे यंत्र) आणि दिव्यांसकट आख्खा मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, निम्म्या किमतीत विकायला निघाल्याच्या जाहिराती दिसू लागतात. यंदाच्या मे महिन्यात आमच्या वसाहतीतली वीज संध्याकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, आणि क्लाऊनफिश या लहान माशांची एक जोडी वगळता माझ्या टाकीतले सगळे मासे गेले. त्यामुळे हा छंद सोडावा की पुढे चालवावा, हा प्रश्न सध्या माझ्याही घरात आहे. घरातली वडीलधारी मंडळी 'आता पुरे' म्हणतात आणि याच छंदातले स्नेही 'दोन महिन्यांत टाकी पुन्हा भरेल' असा धीर देतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे मायेपोटीच आहे, पण एका बाजूने फक्त झालेले दुःख मोजले जाते आणि दुसऱ्या बाजूने झालेला खर्च. ज्या जिवांना आपण समुद्रातून उचलून काचेच्या पेटीत आणतो, त्यांना लागेल ते आपल्या घरात अखंड मिळू शकते का, हा विचार दोन्हींत मागे पडतो, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच व्हायला हवा.

अशा रात्री टाकीत नेमके काय होते, हे सांगणे त्यासाठी आवश्यक वाटते. 25 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू मावतो. तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात तो पावणेसातच्या आसपास असतो, आणि चिलर बंद पडून पाणी 30 अंशांवर गेले की सव्वासहापर्यंत उतरतो. पंप थांबल्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग हलेनासा होतो आणि हवेतून नवा प्राणवायू फारसा मिसळत नाही. टाकीतल्या खडकांवरचे जिवाणू आणि अंधारातले शेवाळ मात्र असलेला प्राणवायू वापरतच राहतात. इन्व्हर्टर संपल्यावर मी पाणी तांब्याने उंचावरून ओतत राहिले, तरी मध्यरात्रीनंतर निळा टँग हा प्रवाळांतला मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला, त्याच्या कल्ल्यांची हालचाल मोजता येणार नाही इतकी जलद झाली, गडद निळा रंग करडा पडत गेला आणि पहाटेपूर्वी तो एका कुशीवर झाला. सतत पोहणाऱ्या माशाला प्राणवायू जास्त लागतो, म्हणून टँग आधी जातात आणि एका कोपऱ्यात थांबून राहणारे क्लाऊन पुष्कळदा तग धरतात. पुढचे नुकसान मेलेले जीव कुजू लागल्यावर होते. समुद्राच्या पाण्याचा सामू (pH) 8.2च्या आसपास असतो आणि अशा पाण्यात कुजण्यातून सुटणाऱ्या अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यातल्यापेक्षा बराच अधिक राहतो, त्यामुळे वीज परतल्यावरही मरणे थांबत नाही.

म्हणून टाकीतले मासे असे मेल्यानंतरचे पहिले काही आठवडे नवा मासा आणण्याचे नाहीत, तसेच टाकी विकण्याचेही नाहीत. अमोनिया आणि नायट्राइट सलग तपासण्यांत शून्यावर येईपर्यंत थांबावे, क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) 35च्या आसपास स्थिर ठेवावी आणि त्या अवधीत मृत्यूचे कारण शोधावे. कारण प्राणवायूचे असेल तर उपाय एक आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीचे असेल तर उपाय वेगळा. या परजीवीची एक अवस्था तळाशी आणि खडकांवर दडून राहते. त्यामुळे उरलेले मासे वेगळ्या टाकीत हलवून मुख्य टाकी दोन-अडीच महिने माशांशिवाय चालवावी लागते, आणि त्यावरचे तांबे या धातूचे औषध त्या वेगळ्या टाकीतच द्यावे लागते, कारण कोळंबी, शंख व अॅनिमोन (फुलासारखा दिसणारा सागरी प्राणी) त्या औषधाने मरतात. एवढी वाट पाहण्याची ज्याची तयारी नाही, त्याने छंद सोडलेला बरा. माशांच्या बाजूने पाहिले तर त्यात कमीपणा काहीच नाही. ज्या घरात उन्हाळ्यात चिलर चालवणे परवडत नाही, किंवा वीज गेल्यावर बॅटरीवर निदान एक हवेचा पंप रात्रभर चालेल अशी सोय होऊ शकत नाही, त्या घरालाही माझे हेच सांगणे आहे.

सोडायचे ठरले तरी जिवंत राहिलेल्यांचा प्रश्न उरतो. 'समुद्राचा जीव समुद्रात' म्हणून टाकीतले मासे चौपाटीवर नेऊन सोडण्याचा सल्ला मला अगदी मनापासून देण्यात आला. तो कोणीही पाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दुकानात निरनिराळ्या समुद्रांतले जीव एकाच पाण्यात राहिलेले असतात आणि त्यांचे रोग सोबत जातात. शिवाय प्रवाळांच्या स्वच्छ पाण्यात वाढणारा मासा दादरच्या गढूळ पाण्यात जगत नाही, आणि जगला तर ते अधिक धोक्याचे असते. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश 1980च्या दशकात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम दिसला, तो बहुधा पाळीव माशांच्या मार्गानेच तेथे पोचला, आणि आज कॅरिबियन समुद्रातल्या स्थानिक लहान माशांचा तो फडशा पाडतो आहे. उरलेले मासे जाणत्या माणसाच्या चालू टाकीत द्यावेत. क्लाऊनफिश पाळीव अवस्थेत वीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे तो देताना घेणाऱ्याची तेवढी तयारी आहे का, हेही विचारावे लागते.

माझ्यापुरता निर्णय मी घेतला आहे. टाकी चालू ठेवणार, पण समुद्रातून पकडलेला एकही मासा यापुढे आणणार नाही. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे आज बहुतांशी तळ्यांत आणि हौदांत पैदास केलेले असतात, चेन्नईतल्या कोलत्तूरसारख्या वस्त्यांत त्याचा मोठा व्यवसाय चालतो. सागरी माशांच्या बहुतेक जाती मात्र अजूनही प्रवाळांतून धरूनच आणल्या जातात आणि फिलिपिन्सच्या समुद्रात 1960च्या दशकापासून त्यासाठी सायनाइडही वापरले गेले. निळ्या टँगची पैदास फ्लोरिडातल्या संशोधकांना 2016 साली कुठे प्रथम साधली, कारण त्याचे अतिसूक्ष्म पिल्लू सुमारे पन्नास दिवस पाण्यात तरंगत राहते आणि तेवढा काळ त्याला जगवणे फार कठीण असते. माझ्या टाकीत मेलेला टँग कोणत्या समुद्रातून आला होता, हे मला सांगू शकेल असे कोणी नाही. त्याच्या जागी दुसरा आणून ठेवणे मला आता शक्य नाही.

क्लाऊनफिशचे तसे नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र फार पूर्वीच बसवले, आणि आपल्या राज्यात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने ऐरोलीला शोभिवंत सागरी माशांचे उबवणी केंद्र उभे केले आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक रहिवाशांना शोभेच्या कोळंबीची पैदास शिकवण्यात आली आहे. अशा केंद्रातले पिल्लू लहानपणापासून टाकीतल्या पाण्याला आणि कोरड्या खाद्याला सरावलेले असते. बाजारात मात्र ते आणि समुद्रातून धरलेले मासे एकाच काचेमागे, कोणताही फरक न सांगता विकले जातात.

प्रवाळांबाबत तर निवडीचा प्रश्नच नाही. 2001 साली सर्व समुद्रघोडे आणि खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत घालण्यात आले, आणि 'बाहेरून आणलेले आहे' या तोंडी आश्वासनावर विसंबून ते घरात आणू नयेत. जिवाणूंसाठी टाकीत ठेवतात त्या ज्या खडकाला लाइव्ह रॉक म्हणतात तोही पुष्कळदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. जिवाणू वाढण्यासाठी सच्छिद्र सिरॅमिकचे खडक पुरतात, फक्त त्यांना वेळ अधिक लागतो.

2017 साली केंद्र सरकारने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले. त्यांत शंभराहून अधिक जातींच्या विक्रीवर बंदी होती आणि तीत क्लाऊनही होता. पुढे ते नियम मागे घेण्यात आले. सरसकट बंदीने पैदास करणाऱ्याचेही नुकसान झाले असते, त्यामुळे माघारीबद्दल माझी तक्रार नाही, पण त्यानंतर दुकानांवर काहीच बंधन उरू नये, हे मला पटत नाही. प्रत्येक सागरी माशाच्या टाकीवर तो पैदास केंद्रातला आहे की समुद्रातून पकडलेला, आणि पकडलेला असल्यास कोठून, हे मराठीत लिहिणे राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने सक्तीचे करावे, आणि ऐरोलीसारख्या केंद्रांतली पिल्ले दाखल्यासह दुकानांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था करावी. त्यासाठी पिल्लामागे काही रुपये अधिक मोजावे लागले तरी माझ्यासारखे अनेकजण ते आनंदाने मोजतील.

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)